बीटल्सच्या पहिल्या पाच तबकड्या आणि आपली उसनी मोजपट्टी

बीटल्सचा विषय निघाला की ठरलेली गोष्ट ऐकू येते. आधी चार गोड पोरं, एकसारखे कोट, कपाळावर आलेले केस आणि प्रेमाची सोपी गाणी. मग डिसेंबर १९६५मध्ये 'रबर सोल', १९६६मध्ये 'रिव्हॉल्व्हर', १९६७मध्ये 'सार्जंट पेपर', आणि म्हणे इथून खरी कला सुरू झाली. त्याआधीच्या पाच एलपी, म्हणजे डझनभर गाण्यांच्या मोठ्या तबकड्या, ही नुसती उमेदवारी. अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने २००३ साली सर्वकाळच्या पाचशे उत्तम अल्बमची यादी काढली. तिच्या पहिल्या दहांत बीटल्सच्या चार तबकड्या होत्या आणि त्या चारही 'रबर सोल' किंवा त्यानंतरच्या. पहिली तबकडी, 'प्लीज प्लीज मी', एकोणचाळिसाव्या क्रमांकावर.

एकोणचाळिसावा क्रमांक काही वाईट नाही. माझी तक्रार क्रमांकाबद्दल नाहीच, ज्या मोजपट्टीने तो काढला तिच्याबद्दल आहे. अल्बम म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसंध रचना, गाणी स्वतःचीच, शब्दांत काही गहन आणि स्टुडिओत काहीतरी नवा प्रयोग, ही कसोटी १९६७च्या आसपास तयार झाली आणि ती तयार करण्यात बीटल्सच्याच उत्तरार्धाचा मोठा हात होता. ती १९६३च्या तबकडीला लावायची आणि मग ती तबकडी अपुरी ठरवायची, हे मला पटत नाही. 'प्लीज प्लीज मी', 'विथ द बीटल्स', 'अ हार्ड डेज नाइट', 'बीटल्स फॉर सेल' आणि 'हेल्प!' या पाचही तबकड्या वेगळ्या कानांनी ऐकायला हव्यात. तसे ऐकले तर त्यांपैकी एक तर 'सार्जंट पेपर'पेक्षा सरस आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

पहिल्या तबकडीपासूनच सुरुवात करू. ११ फेब्रुवारी १९६३, सोमवार, लंडनच्या अ‍ॅबी रोडवरचा ईएमआयचा स्टुडिओ. हेलन शपिरो या तेव्हाच्या लोकप्रिय गायिकेच्या दौऱ्यात बीटल्स वाजवत होते. त्यातून एक दिवस काढून ते लंडनला आले होते. चौदा गाण्यांपैकी चार आधीच्या दोन सिंगल्सवर, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकड्यांवर, निघालेली होती, म्हणजे उरलेली दहा त्या दिवशी उरकायची होती. सकाळी दहाला काम सुरू झाले ते रात्री पावणेअकराच्या सुमाराला संपले. निर्माता जॉर्ज मार्टिन, ध्वनिमुद्रक नॉर्मन स्मिथ, आणि यंत्र दोन ट्रॅकचे. एका ट्रॅकवर वाद्ये, दुसऱ्यावर गळे. नंतर काही जोडायचे तर फारच थोडे जोडता येई. 'मिझरी'मधला पियानो आणि 'बेबी इट्स यू'मधला चेलेस्टा (पियानोसारखेच, पण घंटेसारखे किणकिणणारे वाद्य) मार्टिनने काही दिवसांनी वाजवून घातला, बाकी जे आहे ते त्या दिवसाचे. जॉन लेननला सर्दी होती. घशासाठी गोळ्या चघळत तो दिवसभर गात राहिला. सगळ्यांत घसाफोडू गाणे, 'ट्विस्ट अँड शाउट', मुद्दाम शेवटी ठेवले होते. ते पहिल्याच खेपेला जमले. दुसरी खेप करून पाहिली तेव्हा आवाज उरलाच नव्हता.

ही कथा अनेकांना माहीत असते, पण तिचा अर्थ लावताना गडबड होते. 'एका दिवसात केली, म्हणून कच्ची' असा एक सूर, आणि 'एका दिवसात केली, काय कमाल!' असा दुसरा. मला वाटते, ती एका दिवसात होऊ शकली कारण खरे काम आधीच झाले होते. ऑगस्ट १९६० ते डिसेंबर १९६२ या काळात ही मंडळी पाच वेळा हँबर्गला जाऊन आली होती. तिथल्या क्लबांत रात्र रात्र, तासन्‌तास वाजवायचे आणि समोर दारू प्यायला आलेले खलाशी. लिव्हरपूलला परतले की कॅव्हर्न क्लबच्या तळघरात दुपारचे आणि रात्रीचे कार्यक्रम. मार्टिनच्या मनात तर आधी कॅव्हर्नमध्येच जाऊन ध्वनिमुद्रण करण्याचा विचार होता. ते सोयीचे ठरले नाही म्हणून स्टुडिओ. 'आय सॉ हर स्टँडिंग देअर'च्या आरंभी पॉल मॅकार्टनी एक-दोन-तीन-चार मोजतो. ते मोजणे एका वेगळ्या खेपेतून कापून इथे मुद्दाम जोडले आहे. मार्टिनला या तबकडीने काय व्हायचे आहे हे नेमके माहीत होते. मंचावर चौघे उभे आहेत आणि आता वाजवायला लागणार आहेत. तयार झालेल्या, घासून पक्क्या झालेल्या वाजवणाऱ्यांची ही हजेरी आहे. तिला 'रिव्हॉल्व्हर'च्या आधीची पायरी म्हणणे म्हणजे मैफलीला तालीम म्हणण्यासारखे आहे.

मैफल म्हटले की आपोआप पुढचा प्रश्न येतो, दुसऱ्यांच्या गाण्यांचा. पहिल्या दोन्ही तबकड्यांवर चौदापैकी सहा-सहा गाणी उसनी आहेत, 'बीटल्स फॉर सेल'वरही सहाच. नंतरच्या टीकेत ही गाणी सरळ भरताड म्हणून बाद होतात. स्वतः लिहील तोच कलावंत, ही समजूत रॉकच्या जगात इतकी मुरली आहे की गायकाची निवड आणि गायकी या गोष्टींना किंमतच उरलेली नाही. जरा पाहा तर काय निवडले आहे. 'प्लीज प्लीज मी'वर शिरेल्स या कृष्णवर्णीय मुलींच्या गटाची दोन गाणी आहेत, 'बॉइज' आणि 'बेबी इट्स यू'. 'चेन्स' हे कुकीज या मुलींच्या गटाचे गाणे, कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन यांनी लिहिलेले. दुसऱ्या तबकडीवर मार्व्हलेट्सचे 'प्लीज मिस्टर पोस्टमन' आणि डोनेजचे एक गाणे. म्हणजे लेदरचे कपडे घालून हँबर्गला वाजवणारी ही पोरे मुलींच्या तोंडची गाणी घेत होती, आणि लाजत नव्हती. 'बॉइज'च्या धृपदात रिंगो स्टार मुलग्यांचेच गुण गात सुटतो, तो शब्द उलटा करायच्या फंदात पडत नाही.

याचा परिणाम त्यांच्या स्वतःच्या गाण्यांवर कसा झाला, ते मला सर्वांत रोचक वाटते. मुलींच्या गटांत एक मुलगी आपले दुःख सांगते आणि मैत्रिणी मागून होकार भरतात, टोकतात, समजूत घालतात. तीच मांडणी लेनन, मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या गळ्यांत आली. ऑगस्ट १९६३चे 'शी लव्ज यू' घ्या. प्रियकर इथे बोलतच नाही. बोलतो त्याचा मित्र, तिच्याकडून निरोप घेऊन आलेला, आणि तो सांगतो की तुझी चूक आहे, जा आणि माफी माग. पुरुषाने पुरुषाला असे सांगणारे लोकप्रिय गाणे त्या काळात किती होते? ही समज त्यांना कुठल्या तत्त्वज्ञानातून आलेली नव्हती, शिरेल्सच्या तबकड्या मनापासून ऐकल्याने आली होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. कृष्णवर्णीय कलावंतांची गाणी चार गोऱ्या पोरांनी घेतली आणि जगभर नाव कमावले. 'ट्विस्ट अँड शाउट' १९६२मध्ये आइल्सी ब्रदर्सनी गाजवले तेव्हा ते अमेरिकेच्या मुख्य यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. १९६४मध्ये बीटल्सचे तेच गाणे दुसऱ्या क्रमांकावर होते. हा फरक केवळ गायकीचा नव्हता, रेडिओ आणि बाजार कोणासाठी उघडे होते त्याचा होता. हे मान्य करूनच पुढे बोलायला हवे. बीटल्सनी आपले ऋण लपवले नाही. मुलाखतींतून ते मोटाउन या कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्या काढणाऱ्या अमेरिकी कंपनीचे आणि तिथल्या कलावंतांची नावे घेत राहिले, आणि सप्टेंबर १९६४मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे श्रोत्यांना वर्णानुसार वेगळे बसवणार असाल तर वाजवणार नाही, असे त्यांनी जाहीर सांगितले. तरीही न्याय करायचा तर गाणे गाण्याशेजारी ठेवूनच करावा लागेल. माझा कौल असा आहे: 'यू रिअली गॉट अ होल्ड ऑन मी'मध्ये मूळ गायक स्मोकी रॉबिन्सनच्या हळुवारपणाला बीटल्स पोहोचत नाहीत. 'अ‍ॅना'मध्ये लेनन मूळ गायक आर्थर अलेक्झांडरच्या बरोबरीला येतो. 'चेन्स' मूळचेच बरे. आणि 'मनी' आणि 'ट्विस्ट अँड शाउट' ही दोन गाणी मात्र त्यांनी अशी काही गायली की मूळ ध्वनिमुद्रणे मला फिकी वाटतात. 'भरताड' म्हणून सगळ्यांना एका पोत्यात घातले की ही तुलना करण्याची संधीच जाते, आणि शिरेल्स व मार्व्हलेट्सही त्या पोत्यात जातात.

सुरुवातीच्या बीटल्सना कमी लेखण्यामागे आणखी एक गोष्ट आहे, जी उघडपणे कोणी बोलत नाही. त्यांचे श्रोते. १९६३-६४चे बीटल्स हे किंचाळणाऱ्या मुलींचे बीटल्स होते. फेब्रुवारी १९६४मध्ये 'न्यू स्टेट्समन' या ब्रिटिश साप्ताहिकात पॉल जॉन्सन यांनी लेख लिहून या तरुण श्रोत्यांच्या चेहऱ्यांपासून अकलेपर्यंत सगळ्याची हेटाळणी केली होती. 'रोलिंग स्टोन'ची स्थापना नोव्हेंबर १९६७ची, म्हणजे 'सार्जंट पेपर'नंतर काही महिन्यांची. रॉकची गंभीर समीक्षा ज्या पिढीने उभी केली तिच्यात बहुतांश पुरुष होते, आणि त्यांना बीटल्स मुलींच्या हातून काढून घ्यायचे होते. मग पंधरा वर्षांच्या मुलीला जे आवडले ते बालिश आणि पंचवीस वर्षांच्या मुलाला जे आवडले ते सखोल, अशी वाटणी झाली. त्या मुलींचे कान चांगले होते. रेडिओवर शंभर गोष्टी वाजत असताना त्यांनी 'आय वाँट टू होल्ड युअर हँड' निवडले, सगळ्या मान्यवरांच्या आधी निवडले, आणि त्या निवडीला साठ वर्षांत धक्का लागलेला नाही.

प्रतिष्ठितांपैकी कोणी स्तुती केलीच नाही असे नाही. 'द टाइम्स'चे संगीत समीक्षक विल्यम मान यांनी डिसेंबर १९६३मध्येच त्यांच्या स्वररचनेबद्दल आदराने लिहिले आणि 'नॉट अ सेकंड टाइम'च्या शेवटाची तुलना माहलर या पाश्चात्त्य अभिजात संगीतकाराशी केली. पण तीही दुसऱ्याच घरची मोजपट्टी.

आता अल्बम नावाच्या वस्तूकडे येऊ, कारण सगळ्यांत मोठा गोंधळ इथे आहे. त्या काळात ब्रिटनमध्ये कामाचे एकक सिंगल हे होते. एलपी महाग असे. शाळकरी पोरांच्या खिशाला सिंगल परवडे. शिवाय घेणाऱ्याला एकाच गाण्याचे पैसे दोनदा मोजायला लागू नयेत म्हणून सिंगलवरची गाणी शक्यतो एलपीवर न घालण्याकडे बीटल्सचा आणि मार्टिनचा कल होता. परिणामी 'फ्रॉम मी टू यू', 'शी लव्ज यू', 'आय वाँट टू होल्ड युअर हँड', 'आय फील फाइन' ही गाणी पहिल्या पाचांपैकी एकाही ब्रिटिश एलपीवर नाहीत. म्हणजे फक्त अल्बम मोजणाऱ्या याद्या त्या काळातली सर्वोत्तम गाणी आधीच बाहेर ठेवतात आणि मग म्हणतात, अल्बम जरा कमी पडतात. 'आय फील फाइन'च्या आरंभीचा गिटारचा घरघरता फीडबॅक, म्हणजे स्पीकरच्या आवाजाने तार पुन्हा घुमणे, ऑक्टोबर १९६४चा आहे. प्रयोगच मोजायचे तर हाही मोजा.

अमेरिकेत तर प्रकरण आणखीच वेगळे होते. तिथल्या कॅपिटॉल कंपनीने ब्रिटिश एलपी मोडून, गाणी इकडची तिकडे करून, कमी गाण्यांच्या जास्त तबकड्या काढल्या. 'रबर सोल'च्या अमेरिकी आवृत्तीतून त्यांनी चार गाणी काढली, त्यात 'ड्राइव्ह माय कार' आणि 'नोव्हेअर मॅन' होती, आणि 'हेल्प!'च्या ब्रिटिश तबकडीवरची दोन घातली. 'आय हॅव जस्ट सीन अ फेस' पहिल्या बाजूच्या आरंभी, 'इट्स ओन्ली लव्ह' दुसऱ्या बाजूच्या. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने ही तबकडी ऐकली, तिच्या एकजिनसीपणाने भारावून गेला आणि 'पेट साउंड्स' या आपल्या तबकडीच्या कामाला लागला. रॉकच्या इतिहासात अल्बम ही एकसंध कलाकृती होण्याचा हा मोठा क्षण मानतात. ज्या एकजिनसीपणाने तो भारावला तो निम्मा कंपनीच्या माणसांनी जुळवलेला होता, आणि त्याची सुरुवात ज्या गाण्याने होते ते आपण 'आधीच्या काळातले' म्हणून बाजूला ठेवतो. १४ जून १९६५ या एकाच दिवशी मॅकार्टनीने 'आय हॅव जस्ट सीन अ फेस', गळा फाडून गायलेले 'आय एम डाउन' आणि गिटारवरचे 'येस्टरडे' अशी तीन गाणी ध्वनिमुद्रित केली. सुरुवात संपून प्रौढपण सुरू होण्याची रेघ या दिवसाच्या कुठल्या तासावर मारायची?

हे सगळे म्हणताना मला पाचही तबकड्यांना डोक्यावर घ्यायचे नाही. 'होल्ड मी टाइट' पहिल्या तबकडीच्या दिवशी अनेक खेपा करूनही जमले नव्हते. ते पुन्हा करून दुसऱ्या तबकडीवर घातले आणि तरीही ते तिथले सर्वांत दुबळे गाणे आहे. 'लिटल चाइल्ड' नसते तर काही बिघडले नसते. 'बीटल्स फॉर सेल'वरचे 'मिस्टर मूनलाइट' मला सहन होत नाही. लेननची सुरुवातीची आरोळी सोडली तर त्यात जीव नाही. शब्दांची बाजू पुष्कळदा पातळ आहे, हेही खरे. आणि 'यू कान्ट डू दॅट'मधला मत्सरी, धमकावणारा पुरुष आज कानाला खुपतो, खुपायलाच हवा. फक्त एवढेच की हाच पुरुष 'रबर सोल'च्या शेवटच्या गाण्यात, 'रन फॉर युअर लाइफ'मध्ये, अधिक हिंसक होऊन परत येतो. ते गाणे पुढे खुद्द लेननलाही नावडते झाले. प्रौढपणाचा दाखला द्यायचा तर हे गाणेही विचारात घ्यावे लागेल.

आता मी ज्या तबकडीला सर्वांत वर ठेवतो तिच्याबद्दल. 'अ हार्ड डेज नाइट', १० जुलै १९६४. तेरा गाणी, तेराही लेनन-मॅकार्टनी यांची. असे त्यांच्या दुसऱ्या कुठल्याही तबकडीवर नाही. जानेवारी ते जून १९६४ या सहा महिन्यांत त्यांनी पॅरिसला कार्यक्रम केले, अमेरिका पहिल्यांदा पाहिली, एक पूर्ण चित्रपट केला आणि मधल्या फटींत ही गाणी लिहिली. आता चार ट्रॅकचे यंत्र हाताशी होते. शीर्षकगीताची पहिली झंकार ऐका. हॅरिसनची बारा तारांची रिकनबॅकर गिटार, लेननची गिटार, मॅकार्टनीचा बास आणि मार्टिनचा पियानो एकाच ठोक्यात. ती नेमकी कोणती स्वरसंगती आहे यावर आजही गिटार वाजवणारे वाद घालतात. त्या बारा तारांच्या आवाजाने अमेरिकेत रॉजर मॅग्विनला झपाटले, आणि त्याच्या बर्ड्स या गटाने पुढच्याच वर्षी लोकगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाचे, फोक-रॉक नावाचे दालन उघडले.

पण मला झंकारीपेक्षा 'इफ आय फेल' अधिक थक्क करते. लेनन एकटा सुरू करतो, आणि ती प्रस्तावना एका स्वरपट्टीत असते. ती संपता संपता गाणे अर्ध्या स्वराने वर सरकते आणि मॅकार्टनी आत येतो. दोघे एकाच मायक्रोफोनसमोर उभे राहून गायले आहेत. खालचा आवाज लेननचा, वरचा मॅकार्टनीचा, आणि मूळ चाल कोणाची हे सांगता येत नाही, कारण दोन्ही ओळी स्वतंत्रपणे गुणगुणण्याजोग्या आहेत. पुन्हा प्रेमात पडायला घाबरणारा माणूस जामीन मागतो आहे, आणि त्याची चलबिचल शब्दांपेक्षा त्या पट्टीच्या सरकण्यात आहे. 'थिंग्ज वी सेड टुडे'मध्ये मॅकार्टनी पुढे कधीतरी आजचा दिवस कसा आठवेल याचा विचार करतो, आणि तो केवळ बावीस वर्षांचा होणार असतो. दोन-अडीच मिनिटांत हे सगळे. 'सार्जंट पेपर'चे शेवटचे गाणे, 'अ डे इन द लाइफ', महान आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या तबकडीवर 'गुड मॉर्निंग गुड मॉर्निंग'सारखी गाणी वेशभूषेवर उभी आहेत. 'अ हार्ड डेज नाइट'वर वेशभूषा नाही, लपायला जागा नाही. तेरा गाण्यांत मला वगळावे असे एकही सापडत नाही.

'बीटल्स फॉर सेल'ला दमलेली तबकडी म्हणतात. मुखपृष्ठावरचे चेहरे दमलेले आहेतच. पण पहिली तीन गाणी ओळीने ऐका: 'नो रिप्लाय', 'आय एम अ लूझर', 'बेबीज इन ब्लॅक'. फसवणूक, पराभव आणि शोक. जगातल्या सर्वांत लाडक्या गटाने नाताळच्या बाजारासाठी काढलेल्या तबकडीची ही सुरुवात आहे. याला धाडस म्हणतात, आणि ते डिसेंबर १९६४चे आहे.

ऐकण्याबद्दल एक व्यवहारी गोष्ट. या तबकड्या, विशेषतः पहिल्या दोन, मोनोसाठी, म्हणजे सगळा आवाज एकत्र एकाच स्पीकरमधून ऐकण्यासाठी, केलेल्या आहेत. दोन ट्रॅक वेगळे ठेवण्याचा हेतू मोनोत मिसळताना गळे आणि वाद्ये यांचा तोल साधता यावा एवढाच होता. स्टिरिओत एका कानात वाद्ये आणि दुसऱ्या कानात गळे येतात आणि गाणे मधोमध फाटते. १९८७ साली सीडी निघाल्या तेव्हा पहिल्या चार तबकड्या मोनोतच काढल्या होत्या. आज मोबाइलवर सहज हाताला लागते ती बहुधा स्टिरिओ आवृत्ती. हेडफोन लावून ती ऐकायची आणि 'जरा पोकळ वाटते' म्हणायचे, हा त्या तबकडीवर अन्याय आहे. मोनो शोधा, आणि एलपींच्या मध्ये त्या त्या महिन्याचे सिंगल्स ऐका.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. भारतीय श्रोत्याला बीटल्स भावतात ते सतारीपासून. 'नॉर्वेजियन वुड', मग हॅरिसन आणि रविशंकर, १९६८च्या जानेवारीत हॅरिसनने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांसह केलेले ध्वनिमुद्रण, आणि मग ऋषिकेश. त्यांनी आपल्याकडे पाहिले तेव्हापासून आपण त्यांच्याकडे पाहतो. त्यामुळे रॉक समीक्षेची रेघ आणि आपल्या अभिमानाची रेघ नेमक्या एकाच ठिकाणी पडतात, आणि पहिल्या पाच तबकड्या दोन्हीकडून बाहेर राहतात. पण मुंबईच्या संगीतकारांनी सतारीची वाट पाहिली नव्हती. १९६५च्या 'जानवर' चित्रपटात शंकर-जयकिशन यांनी 'आय वाँट टू होल्ड युअर हँड'ची चाल शम्मी कपूरसाठी उचलली. उचलेगिरी म्हणून तिला नावे ठेवणारे ठेवोत. त्या जोडीने चालीतली उसळी ऐकली होती, आणि त्यासाठी त्यांना कुठल्या यादीतला क्रमांक पाहावा लागला नव्हता.